कोराडीची वाफ आणि जमिनीखालचे दाट तेल

नागपूरच्या उत्तरेला असलेले कोराडी बहुतेकांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असते : महालक्ष्मी जगदंबेचे देऊळ आणि औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या. या भागातल्या एका शाळेत आम्ही ऊर्जेविषयी बोलण्यासाठी गेलो होतो. बोलण्याच्या ओघात जमिनीतील दाट खनिज तेल वाफ सोडून पातळ करतात व मग वर काढतात, असे आम्ही सांगितले. शेवटी एका मुलीने प्रश्न विचारला, "सर, आमच्या इथली वाफ तर फार मोठ्या दाबाची असते. अशी वाफ सोडली तर तेल सगळ्यांत जास्त निघेल ना?" वेळ संपत आली होती. आम्ही घाईने म्हणालो, "हो, साधारण तसेच."

परतीच्या वाटेवर आम्ही मनातल्या मनात आकडेमोड केली, आणि आपले उत्तर चुकले हे लक्षात आले. ते थोडेथोडके नव्हे, चांगलेच चुकले होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. वर्गात अप्रकट उष्मा शिकवताना शिक्षकांना तिचा उपयोग व्हावा, हीही इच्छा आहे.

तेल वाहत का नाही?

सुरुवात विद्युत केंद्रापासूनच करू. मोठ्या औष्णिक केंद्रांत मुख्य इंधन कोळसा असला तरी बॉयलर पेटवताना आणि भार कमी असताना ज्योत टिकवण्यासाठी तेल लागते. यांपैकी फर्नेस ऑइल हे तेल शुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर उरणारे काळे, दाट तेल. हिवाळ्यात ते पंपाला सहजासहजी दाद देत नाही. म्हणून टाकीच्या तळाशी वाफेच्या नळ्यांची वेटोळी बसवतात. तेलवाहिनीला चिकटून वाफेची बारीक नळी नेतात, वर काचलोकर गुंडाळतात आणि त्यावर पत्रा लावतात. बर्नरपाशी पोचेपर्यंत तेल शंभर अंशांच्या आसपास तापलेले असते. तेव्हाच त्याचा बारीक फवारा होतो व ते नीट जळते.

द्रव वाहताना त्याचे थर एकमेकांवर घासतात. या अंतर्गत घर्षणाला श्यानता म्हणतात. आपल्या बोलीत चिकटपणा किंवा दाटपणा. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता जवळजवळ १ सेंटिपॉइज असते. त्याच तापमानाला एरंडेलाची श्यानता सुमारे १,००० सेंटिपॉइज, म्हणजे पाण्याच्या हजारपट असते. पण एरंडेल ४० अंशांपर्यंत तापवले की ती सुमारे २३० वर येते. केवळ वीस अंशांच्या फरकाने चौपट बदल!

जगातील बरेचसे खनिज तेल असेच दाट आहे. जे तेल दाट असूनही जमिनीत थोडेफार सरकते, त्याला जड तेल म्हणतात. जे जवळजवळ सरकतच नाही, त्याला बिट्युमेन म्हणतात. रस्त्यावर घालतात ते डांबर याच जातीचे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अशा बिट्युमेनने माखलेल्या वाळूचे अवाढव्य साठे आहेत. जमिनीतील सुमारे १० अंश तापमानाला त्या बिट्युमेनची श्यानता दहा लाख सेंटिपॉइजच्याही वर असते. १०० अंशांना ती काहीशेंवर येते आणि २०० अंशांना दहाच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या स्वयंपाकाच्या तेलापेक्षाही पातळ. यांपैकी जे साठे पृष्ठभागाजवळ आहेत ते खाणीसारखे खणून काढता येतात. परंतु सुमारे ८० टक्के साठे त्यासाठी फार खोल आहेत. तेथे तेल जागच्या जागी तापवणे हाच मार्ग उरतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवू. १० अंशांवरून १०० अंशांवर जाताना श्यानता हजारो पटींनी घटते. १०० वरून २०० वर जाताना ती काही दहा पटींनी घटते. २०० वरून ३०० वर जाताना मात्र ती जेमतेम काही पटच घटते. तापवण्याचा पहिला फायदा प्रचंड, नंतरचा बेताचा. याचे महत्त्व पुढे दिसेल.

वाफच का?

तापवायचेच तर गरम पाणी का सोडू नये? किंवा गरम हवा?

१ किलो पाणी १०० अंशांवरून ५० अंशांपर्यंत निवताना सुमारे २१० किलोज्यूल उष्णता देते. १०० अंशांची १ किलो वाफ १०० अंशांच्याच पाण्यात रूपांतरित होताना मात्र सुमारे २,२६० किलोज्यूल देते. हाच वाफेचा अप्रकट उष्मा. गरम पाण्याच्या जवळजवळ अकरापट! उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने अधिक भाजते, ते यामुळेच.

वाफेचा दुसरा गुण तितकाच मोलाचा आहे. ती थंड जागा आपणहून शोधत जाते. मोदकपात्रात वाफ थंड मोदकाला भेटते तेथेच तिचे पाणी होते. १०० अंशांच्या वाफेचे पाणी झाले की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट कमी होते. तेथे निर्माण झालेल्या रिकाम्या जागेत नवी वाफ धावत येते. जमिनीतही हेच घडते. जेथे वाळू अजून थंड आहे, तेथेच वाफ जाऊन आपली उष्णता टाकते. गरम हवेला हे साधत नाही.

वाफ जमिनीत कशी सोडतात?

पहिली पद्धत चक्राकार वाफेची. एकाच विहिरीत काही आठवडे वाफ सोडायची, मग विहीर बंद करून उष्णता मुरू द्यायची, आणि नंतर त्याच विहिरीतून तापलेले तेल काढायचे. तेल थंडावले की पुन्हा पहिल्यापासून. ही पद्धत १९५९ साली व्हेनेझुएलातील मेने ग्रांदे येथे अपघाताने सापडली. तेथे वाफ सोडण्याचा प्रयोग चालू असताना ती जमिनीतून वर फुटू लागली. दाब उतरवण्यासाठी वाफेच्या विहिरी उघडल्या, तर त्यांतूनच भरपूर तेल वाहू लागले.

दुसरी पद्धत वाफेच्या लोटाची. काही विहिरींतून सतत वाफ सोडायची आणि आजूबाजूच्या विहिरींतून तेल काढायचे. कॅलिफोर्नियातील कर्न रिव्हर आणि इंडोनेशियातील दुरी ही याची प्रसिद्ध क्षेत्रे. दुरी येथे १९८५ साली मोठ्या प्रमाणावर हे काम सुरू झाले.

तिसरी पद्धत रॉजर बटलर या अभियंत्याने १९७० च्या दशकात कॅनडात मांडली. तिला वाफेच्या साह्याने होणारा गुरुत्व-निचरा म्हणता येईल. तेलाच्या थराच्या तळाशी दोन आडव्या विहिरी खणतात, एक वर आणि दुसरी तिच्या सुमारे ५ मीटर खाली. त्यांची लांबी काहीशे मीटरपासून किलोमीटरपर्यंत असते. वरच्या विहिरीतून वाफ सोडली की तिच्याभोवती वाफेची एक कोठी तयार होते. कोठीच्या कडेला वाफेचे पाणी होते, तेथले तेल तापते, आणि तेल व पाणी दोन्ही कोठीच्या भिंतीवरून ओघळत खालच्या विहिरीत उतरतात. भाताच्या पातेल्यावर तिरपे झाकण ठेवले तर वाफेचे थेंब त्याच्या आतल्या बाजूने ओघळत कडेला येतात, काहीसे तसेच. येथे तेलाला ढकलावे लागत नाही, गुरुत्वाकर्षण ते काम करते. १९८७ पासून अल्बर्टात जमिनीखाली बोगदे खणून त्यांतून अशा विहिरी काढण्यात आल्या आणि कल्पनेची परीक्षा झाली. २००१ नंतर या पद्धतीचा व्यापारी प्रसार झाला.

हिशोब मांडू या

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १ घनमीटर तेल काढण्यासाठी किती वाफ लागते? तेलाच्या धंद्यात वाफ तिच्या पाण्याच्या आकारमानात मोजतात. १ घनमीटर तेलामागे जितके घनमीटर पाणी वाफेच्या रूपाने सोडावे लागते, त्याला वाफ-तेल गुणोत्तर म्हणतात. सगळी पद्धत चांगली की वाईट, हे या एका आकड्यावरून कळते.

हा आकडा आपण स्वतः काढू शकतो. समजा, तेलाने भरलेल्या वाळूचा १ घनमीटरचा एक ठोकळा आहे. त्यात ३३ टक्के पोकळी आहे. पोकळीचा ८० टक्के भाग तेलाने भरलेला आहे, आणि कितीही वाफ सोडली तरी १५ टक्के तेल मागे राहते. तर मिळणारे तेल ०.३३ × ०.६५, म्हणजे सुमारे ०.२१ घनमीटर.

वाळू, तेल आणि पाणी मिळून हा ठोकळा १ अंशाने तापवायला साधारण २.४ मेगाज्यूल लागतात. २० बार दाबाची वाफ वापरली असे धरू. (१ बार म्हणजे जवळजवळ आपल्या भोवतालच्या हवेचा दाब.) या दाबाच्या वाफेचे तापमान २१२ अंश असते. म्हणजे ठोकळा १० वरून सुमारे २१० अंशांवर जाईल. लागणारी उष्णता २.४ × २००, म्हणजे ४८० मेगाज्यूल. ही उष्णता ०.२१ घनमीटर तेलासाठी आहे. १ घनमीटर तेलासाठी ती सुमारे २,३०० मेगाज्यूल होते.

२० बार दाबाला वाफेचा अप्रकट उष्मा दर किलोला १.८९ मेगाज्यूल असतो. २,३०० ला १.८९ ने भागले की सुमारे १,२०० किलो वाफ येते, म्हणजे पाण्याच्या आकारमानात १.२ घनमीटर. एवढी वाफ तर लागणारच. प्रत्यक्षात चांगल्या क्षेत्रांत हे गुणोत्तर २ ते ४ च्या दरम्यान असते. मग वरची वाफ कोठे जाते? काही उष्णता विहिरीच्या नळीतून झिरपते. बरीचशी तेलथराच्या वरच्या आणि खालच्या खडकांत जाते. त्या खडकांत तेल नाही, पण उष्णतेला ते ठाऊक नाही!

आता कोराडीची वाफ

या हिशोबात मोठ्या दाबाची वाफ घालून पाहू. पाण्याचा उत्कलनबिंदू दाबाबरोबर वाढतो, हे प्रेशर कुकरमुळे आपल्याला माहीत असते. पण त्याच वेळी अप्रकट उष्मा कमी होत जातो, हे सहसा सांगितले जात नाही. आकडे असे आहेत :

१ बार दाबाला १०० अंश आणि २,२५८ किलोज्यूल.
१० बार दाबाला १८० अंश आणि २,०१४ किलोज्यूल.
२० बार दाबाला २१२ अंश आणि १,८९० किलोज्यूल.
४० बार दाबाला २५० अंश आणि १,७१४ किलोज्यूल.
१०० बार दाबाला ३११ अंश आणि १,३१७ किलोज्यूल.
२०० बार दाबाला ३६६ अंश आणि सुमारे ५८० किलोज्यूल.
२२१ बार दाबाला ३७४ अंश आणि शून्य!

हा शेवटचा टप्पा म्हणजे पाण्याचा क्रांतिक बिंदू. त्याच्या पलीकडे पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. पाणी बुडबुडे न येता, उकळी न फुटता, सलगपणे वाफेसारखे विरळ होत जाते. कोराडीत १९७४ साली पहिला १२० मेगावॉटचा संच सुरू झाला, तेव्हाची वाफ या बिंदूच्या बरीच खाली होती. २०१५ ते २०१७ या काळात तेथे ६६० मेगावॉटचे जे तीन संच आले ते मात्र अतिक्रांतिक आहेत. त्यांच्या बॉयलरमधील दाब २२१ बारपेक्षा जास्त असतो. तेथे अप्रकट उष्मा ही गोष्टच शिल्लक नसते.

दुसरी गोष्ट त्याहून रंजक आहे. २५ अंशांच्या पाण्यापासून १ किलो संपृक्त वाफ तयार करण्यास लागणारी एकूण उष्णता दाबाप्रमाणे फारशी बदलत नाही. १० बार असो की ४० बार, ती सुमारे २.७ मेगाज्यूलच असते. १०० बारलाही ती त्याच्या जवळच राहते. म्हणजे इंधनाचा खर्च जवळजवळ तोच, पण अप्रकट उष्म्याचा वाटा मात्र दाबाबरोबर घसरत जातो. उरलेली उष्णता तप्त पाण्यात राहते आणि त्या पाण्याबरोबर बरीचशी पुन्हा वर येते.

आता तोच ठोकळा १०० बारच्या वाफेने तापवू. तापमान ३१० अंशांवर जाईल, म्हणजे वाढ ३०० अंशांची. लागणारी उष्णता ७२० मेगाज्यूल. दर घनमीटर तेलामागे ती सुमारे ३,४०० मेगाज्यूल होते. अप्रकट उष्मा मात्र १.३२ मेगाज्यूल. भागाकार केला की वाफ येते सुमारे २,६०० किलो, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून जास्त! आणि बदल्यात मिळाले काय? श्यानता आणखी काही पट कमी. बटलरच्या सिद्धांतानुसार तेलाच्या निचऱ्याचा दर श्यानतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. श्यानता चौपट घटली, तर दर केवळ दुप्पट होतो.

म्हणून त्या मुलीला द्यायचे खरे उत्तर असे : नाही. तेलाला हवी असते ती थराच्या दाबाला पुरून उरेल एवढ्याच दाबाची वाफ, त्याहून फार जास्त नको. अर्थात दाब फार कमी करूनही चालत नाही. तापमान घटते, तेल संथ गळते, काम वर्षानुवर्षे लांबते, आणि तितका काळ वरच्या खडकात उष्णता झिरपत राहते. या दोन टोकांमधली योग्य जागा शोधणे हेच अभियंत्याचे काम.

मग कोराडीत एवढा दाब कशासाठी? कारण तेथे उष्णतेपासून काम करून घ्यायचे आहे. उष्णतेचे कामात रूपांतर किती होऊ शकते, हे सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड तापमानांवर ठरते. वाफ ५५० अंशांची आणि संघनकातले पाणी ४५ अंशांचे धरले, तर केल्व्हिनमध्ये ही तापमाने ८२३ आणि ३१८ होतात. कमाल कार्यक्षमता १ वजा ३१८/८२३, म्हणजे सुमारे ६१ टक्के. २१२ अंशांच्या वाफेने ती सुमारे ३४ टक्क्यांवरच थांबेल. प्रत्यक्षातल्या कार्यक्षमता याहून कमी असतात, पण दिशा तीच. तात्पर्य, वीज करणाऱ्याला उष्णतेची उंची हवी असते, तर तेल तापवणाऱ्याला उष्णतेची रास हवी असते. एकाच वाफेची ही दोन वेगवेगळी कामे आहेत.

येथे शिक्षक आणखी एक प्रश्न विचारू शकतात. कोराडीच्या शीतक मनोऱ्यांतून प्रचंड उष्णता हवेत सोडली जाते. ती अशा कामी का लावू नये? कारण ती ४५ अंशांच्या आसपासची आहे. रास मोठी, पण उंची अगदीच थोडी. गुजरातमधील महेसाणा भागात जड तेल जमिनीतच सुमारे ७० अंशांवर आहे. तेथे हे पाणी सोडले तर तेल तापण्याऐवजी निवेल!

आपल्या देशातले दाट तेल

महेसाणा भागातील बलोल आणि सांथल ही तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाची क्षेत्रे. तेथील जड तेल सुमारे १,००० मीटर खोल आहे आणि थरातील दाब १०० बारच्या आसपास आहे. इतक्या दाबाला वाफेचा अप्रकट उष्मा किती घटलेला असतो, हे आपण नुकतेच पाहिले. शिवाय हजार मीटरच्या नळीतून खाली जाताना वाफेची बरीच उष्णता वाटेतच जाते. तेथे वेगळा मार्ग निवडला गेला : जमिनीत हवा सोडायची, तेलाचा थोडासा भाग जागेवरच जाळायचा, आणि त्या उष्णतेने बाकीचे तेल पुढे ढकलायचे. बलोलला १९९० साली याचा प्रयोग सुरू झाला आणि १९९७ पासून दोन्ही क्षेत्रांत तो व्यापारी पातळीवर गेला. बॉयलर जणू जमिनीखालीच नेला, म्हणजे नळीतल्या गळतीचा प्रश्नच मिटला.

राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात बाघेवाला येथे १९९१ साली ऑइल इंडिया कंपनीला जड तेल सापडले. ते इतके दाट आहे की नेहमीच्या पद्धतीने फारसे निघत नव्हते. अलीकडच्या वर्षांत तेथे चक्राकार वाफेची पद्धत वापरण्यात येत आहे. थर तेथेही खोल आहे, त्यामुळे वाफ खाली नेणारी नळी उष्णतारोधक असणे फार महत्त्वाचे. अशी नळी दुहेरी असते आणि मधल्या जागेत निर्वात पोकळी असते. आपला थर्मास लांब करत हजार मीटरचा केला, असे समजा.

सुधारणा कोठे कोठे?

वाफ वाचवण्याचे प्रयत्न अनेक बाजूंनी चालू आहेत. त्यांतले काही शाळेतील विज्ञानानेच समजतील असे आहेत.

पहिला : वाफेबरोबर ब्युटेन, हेक्झेन यांसारखा हलका द्रावक थोडासा सोडणे. रंगाच्या डब्यात टर्पेंटाइन घातले की रंग न तापवताही पातळ होतो. तसेच येथे अर्धे काम उष्णता करते आणि अर्धे विद्रावण. द्रावक असा निवडावा लागतो की तो वाफेबरोबरच, कोठीच्या कडेलाच द्रव होईल. तो महाग असल्यामुळे तेलातून परत मिळवावा लागतो. कॅनडातील कोल्ड लेक भागात २०२४ पासून ही रीत व्यापारी प्रकल्पात आली आहे.

दुसरा : वाफेत थोडा नायट्रोजन किंवा मिथेन मिसळणे. हे वायू तेथे द्रव होत नाहीत, ते कोठीच्या छताशी साठतात. वायू उष्णतेचे दुर्वाहक असल्याने वरच्या खडकात जाणारी उष्णता कमी होते. जणू छताला रजई लावली. पण प्रमाण जास्त झाले की डाल्टनचा नियम आडवा येतो. एकूण दाबात वायूचा वाटा वाढला की वाफेचा आंशिक दाब घटतो, आणि त्याबरोबर तिचे तापमानही. रजई छतालाच हवी, भिंतीला नको.

तिसरा : वाफ वाया जाऊ न देणे. खालच्या विहिरीत तेलाऐवजी वाफच शिरू लागली, तर ती काम न करता वर निघून येते. म्हणून त्या विहिरीवर तेल-पाण्याचे थोडे डबके कायम राखतात. येणाऱ्या द्रवाचे तापमान त्या दाबाच्या उत्कलनबिंदूपेक्षा काही अंश खाली राहील, अशा बेताने पंप चालवतात. औष्णिक केंद्राच्या वाफवाहिन्यांवर पाणी जाऊ देणारे पण वाफ अडवणारे सापळे असतात. हा तसाच सापळा, फक्त जमिनीखालचा.

चौथा : पाणी. तेलाबरोबर वर आलेले पाणी शुद्ध करून पुन्हा बॉयलरला देतात. कॅनडातील चांगल्या प्रकल्पांत बहुतांश पाणी असे फिरत राहते. कोराडीकरांना ही कल्पना नवीन नाही. नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून ते औष्णिक केंद्राला देण्यात येते. त्यासाठी दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला आहे. मात्र एक फरक आहे. टर्बाइनला निर्मळ, कोरडी वाफ लागते. तेलक्षेत्रातले बॉयलर मुद्दामच पाण्याचा सुमारे पाचवा भाग द्रव ठेवतात, म्हणजे क्षार त्यात विरघळलेले राहतात आणि नळ्यांवर खपली धरत नाही.

पाचवा : वाफेसाठी इंधनच कमी जाळणे. ओमानमधील अमल येथे २०१७ पासून आरशांनी सूर्यप्रकाश एकवटून तेलक्षेत्रासाठी वाफ करण्यात येऊ लागली. येथे वीजकेंद्रापेक्षा कमी दाबाची वाफ पुरते, हीच गोष्ट सूर्याच्या पथ्यावर पडते.

हे परवडते का?

शेवटी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. इंधन मिळवण्यासाठी इंधन जाळायचे, तर हाती किती उरते?

गुणोत्तर ३ धरू. ३,००० किलो वाफेला २.७ मेगाज्यूलप्रमाणे ८,१०० मेगाज्यूल लागतील. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर इंधनातून सुमारे ९,५०० मेगाज्यूल घ्यावे लागतील. १ घनमीटर बिट्युमेनमधील ऊर्जा सुमारे ४२,००० मेगाज्यूल असते. म्हणजे मिळालेल्या ऊर्जेच्या २३ टक्के ऊर्जा मिळवण्यातच गेली. गुणोत्तर २ वर आणले तर १५ टक्के. गुणोत्तर ६ झाले तर ४५ टक्के. आणि १३ च्या आसपास पोचले की जितके तेल काढले तितकेच इंधन जळाले. हातात शून्य, हवेत मात्र धूर. बॉयलरला नैसर्गिक वायू वापरला, तर गुणोत्तर ३ असताना दर घनमीटर तेलामागे सुमारे अर्धा टन कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. तोही ते तेल कोणी जाळण्याच्या आधीच. कोळसा वापरला तर त्याहून पुष्कळच अधिक.

आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त खनिज तेल आयात करतो. त्यामुळे बाघेवालासारख्या साठ्यांचे महत्त्व नाकारता येत नाही. पण जमिनीत किती तेल आहे, एवढे सांगून भागत नाही. ते किती वाफेत निघते, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. वर्तमानपत्रात नव्या साठ्याची बातमी आली की विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारावा, अशी आमची अपेक्षा आहे.

वर्गात करून पाहा

एक उंच मोजपात्र एरंडेलाने भरा. सायकलच्या फ्रीव्हीलमधला बारीक छर्रा वरून अलगद सोडा आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत जायला लागणारा वेळ मोजा. मग मोजपात्र कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा. तेल ३० अंशांचे झाल्यावर आणि पुन्हा ४० अंशांचे झाल्यावर तोच प्रयोग करा. तेल ज्योतीवर तापवू नका, बादलीतले पाणी पुरेसे आहे. लागणारा वेळ साधारणपणे श्यानतेच्या प्रमाणात असतो. नागपूरच्या जानेवारीतील सकाळी आणि मे महिन्यातील दुपारी हा प्रयोग केला, तर बादलीचीही गरज पडणार नाही. वेळ आणि तापमान यांचा आलेख काढा. तो सरळ रेषा येत नाही, सुरुवातीला झपाट्याने उतरतो आणि मग सपाट होत जातो. तापवण्याचा पहिला फायदा मोठा आणि नंतरचा बेताचा का, हे तो आलेखच सांगेल.

त्या शाळेत आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी वरचा अप्रकट उष्म्याचा तक्ता फळ्यावर आधी लिहू, आणि उत्तर त्या मुलीलाच काढायला सांगू.